बारा फ्रेम, एक चाळ आणि बेभरवशाची फिल्म

"हे काय आहे?" लॅबमधून आलेली पहिली फाइल उघडली आणि माझ्या तोंडून एवढंच निघालं. आजीच्या चाळीतली गॅलरी, तिच्यावर पडलेलं मे महिन्यातलं दुपारचं ऊन, कठड्यावर वाळत घातलेल्या साड्या आणि मधे उभी असलेली आजी. सगळं मी स्वतःच्या डोळ्यांनी बघून, फोकस लावून, श्वास रोखून टिपलं होतं. लॅपटॉपवर मात्र भलतंच काही दिसत होतं. आकाश लिंबाच्या सरबतासारखं पिवळट, गॅलरीचा आतला भाग कोळशासारखा काळा आणि आजीचा चेहरा आंबा बर्फीच्या रंगाचा. बारापैकी अकरा फोटो असे. बारावा त्याहून वाईट.

आणि खोली रिकामी करून द्यायची तारीख होती 30 जून.

चाळ गिरगावातली. तीन मजले, लाकडी जिना, लांबलचक गॅलरी, टोकाला सामायिक संडास. आजी लग्न होऊन आली ती याच खोलीत. आई आणि मामा इथेच वाढले. रिडेव्हलपमेंटच्या गप्पा मी शाळेत असल्यापासून ऐकतेय, त्यामुळे कुणीच ते मनावर घेत नव्हतं. गेल्या वर्षी म्हणजे 2025 मध्ये खरंच कागद आले, सह्या झाल्या आणि तारीख ठरली. मोबाइलमध्ये चाळीचे शेकड्याने फोटो आहेत. गणपतीतले, दिवाळीतले, उगाच काढलेले. पण ते कधी कुणी परत उघडून बघतं का? मला काहीतरी नीट करायचं होतं. थांबून, विचार करून, मोजके.

त्यासाठी मामाकडे हत्यार होतं. मामाने नोकरी सांभाळून वर्षानुवर्षं लग्नाच्या ऑर्डरी केल्या. त्याचा याशिका मॅट 124 जी डोंबिवलीच्या घरी कपाटात, कापडात गुंडाळून ठेवलेला असतो. पुढे एकाखाली एक अशी दोन भिंगं. वरच्यातून आपण बघायचं, खालच्यातून फोटो निघतो. डोळ्याला लावायचा नाही, पोटाशी धरायचा आणि वरून खाली काचेत बघायचं. काचेत डावं-उजवं उलटं दिसतं, त्यामुळे पहिले दोन दिवस मी माणूस डावीकडे घ्यायला कॅमेरा उजवीकडे नेत होते आणि माणूस फ्रेमबाहेर जात होता. मामा बाजूला उभा राहून फुल एन्जॉय करत होता.

यात जाते ती मीडियम फॉरमॅटची फिल्म. मामाच्या भाषेत 'वन-ट्वेंटी'. हा 120 क्रमांकाचा रोल कोडॅकने 1901 मध्ये आणला आणि तो अजून बनतो. आपल्याला माहीत असलेल्या 35 मिमीच्या डबीसारखा हा नसतो. फिल्मच्या पाठीला कागद असतो आणि सगळं एका प्लास्टिकच्या रिळावर गुंडाळलेलं. रोल संपला की तो रिकाम्या रिळावर गेलेला असतो. मग कागदाची पट्टी जिभेने ओली करून पाकिटासारखी चिकटवायची. हे करताना फार भारी वाटतं, चव मात्र बेकार असते. याशिकात एका रोलवर चौकोनी बारा फोटो निघतात. प्रत्येक निगेटिव्ह 56 मिमी बाय 56 मिमी, म्हणजे 35 मिमीच्या फ्रेमच्या साडेतीन पटींहून मोठी. रोल, डेव्हलपिंग आणि स्कॅनिंग यांचा खर्च बाराने भागला तर एका क्लिकमागे कॅन्टीनमधलं एक जेवण जातं. त्यामुळे बोट आपोआप जड होतं.

एवढं सगळं जमवल्यावर शहाण्या माणसाने कोडॅकचा एखादा भरवशाचा रोल घेतला असता. मी घेतली हरमनची 'फिनिक्स 200'. दोन रोल. कारण खरं सांगायचं तर एकच होतं: रील्समध्ये तिचे फोटो बघितले होते. दिव्यांभोवती लालसर वलय, भडक रंग, खरखरीत ग्रेन. 'काय व्हाइब आहे यार' म्हणून ऑर्डर केली.

ही फिल्म कुणाची आणि अशी का, हे मी नंतर वाचलं. आधी वाचायला हवं होतं. हरमन टेक्नॉलॉजी हे नाव ओळखीचं वाटत नसेल, पण कॉलेजच्या फोटो क्लबात कुणी ब्लॅक अँड व्हाइट रोल वापरला असेल तर 'इलफर्ड' माहीत असेल. तीच ही मंडळी. 1879 मध्ये आल्फ्रेड हरमन या माणसाने लंडनजवळच्या इलफर्डमध्ये काचेच्या ड्राय प्लेट बनवायला सुरुवात केली, त्यातून ती कंपनी उभी राहिली. डिजिटलच्या लाटेत 2004 मध्ये ती बुडायला आली. 2005 मध्ये तिथल्याच मॅनेजर मंडळींनी धंदा विकत घेतला आणि नव्या कंपनीला संस्थापकाचं आडनाव दिलं. इंग्लंडमध्ये चेशर परगण्यातल्या मॉबर्ली गावात त्यांचा कारखाना आहे. ब्लॅक अँड व्हाइटमध्ये त्यांचा हात धरणारे कमी. पण रंगीत फिल्म ही वेगळीच भानगड. ब्लॅक अँड व्हाइटला मोजके थर पुरतात. रंगीत निगेटिव्हमध्ये निळा, हिरवा आणि लाल प्रकाश टिपणारे वेगवेगळे थर, मधे गाळण्या, वर संरक्षक थर, असे दहा-बारा किंवा त्याहून जास्त थर प्लास्टिकच्या पट्टीवर अंधारात, केसाहूनही पातळ ओतायचे असतात. हे मोठ्या प्रमाणावर करू शकणारे कारखाने जगात उरलेत मोजकेच.

त्या रांगेत शिरायचा पहिला प्रयत्न म्हणजे फिनिक्स. डिसेंबर 2023 मध्ये 35 मिमीत आली, 2024 मध्ये 120 मध्ये. गंमत म्हणजे कंपनीने काही लपवलं नाही. ही प्रयोगातली फिल्म आहे, ग्रेन दिसेल, कॉन्ट्रास्ट जास्त आहे, दिव्यांभोवती वलयं येतील, असं सांगूनच विकली. एकदम परिपूर्ण झाल्यावर बाजारात आणू म्हटलं असतं तर मधली वर्षं पगार कुठून द्यायचे? म्हणून अर्धवट शिजलेली फिल्म आपल्याला विकायची आणि त्या पैशांवर पुढची बनवायची, असा हिशेब.

हे आधीही झालंय. 2008 मध्ये पोलरॉइडने इन्स्टंट फिल्म बंद करायची ठरवली, तेव्हा 'इम्पॉसिबल प्रोजेक्ट' नावाने काही जणांनी नेदरलँड्समधल्या एन्सखेडेची फॅक्टरी वाचवली. जुनी रसायनं मिळत नव्हती, त्यामुळे कृती नव्याने शोधावी लागली. 2010 मध्ये आलेल्या त्यांच्या पहिल्या फिल्मचे फोटो कॅमेऱ्याबाहेर पडताक्षणी उजेडापासून झाकावे लागायचे, नाहीतर जळून जायचे. लोकांनी तरी पैसे मोजले आणि आज पोलरॉइड दुकानात पुन्हा मिळतो. आपण सॉफ्टवेअरची बीटा व्हर्जन वापरतो त्यातलाच प्रकार. फरक एवढाच की ॲप क्रॅश झालं तर परत उघडता येतं. आजीची चाळ परत उघडता येत नाही.

माझा पहिला रोल का फसला? अर्धी चूक माझी. रंगीत निगेटिव्हबद्दल इंटरनेटवर एक मंत्र सगळीकडे सांगतात: सावलीचा उजेड मोजा आणि वर एक स्टॉप जास्त द्या, काही बिघडत नाही. कोडॅक पोर्ट्रासारख्या फिल्मला ते चालतं. दोन-तीन स्टॉप जास्त उजेड ती सहज पचवते. फिनिक्सचं पोट तेवढं मोठं नाही. थोडा उजेड जास्त झाला की उजळ भाग पांढरे फटक, थोडा कमी झाला की सावल्या एकदम काळ्या. मी तिला कुठे नेलं, तर मेच्या भर दुपारी चाळीच्या गॅलरीत. बाहेर चौकात रणरणतं ऊन आणि आत खोलीच्या दाराशी काळोख. दोन्हींत पाच-सहा स्टॉपचा फरक सहज असेल. असल्या प्रसंगात आपला डोळा सांभाळून घेतो, मोबाइल दहा युक्त्या करून सांभाळून घेतो. फिनिक्सने हात वर केले.

उरलेली अर्धी भानगड स्कॅनिंगची, आणि ही मला मामाने दाखवली. मी रडवेल्या आवाजात फोन केल्यावर तो म्हणाला, "आधी निगेटिव्ह बघ. स्कॅन म्हणजे कुणीतरी सांगितलेली गोष्ट. निगेटिव्ह म्हणजे साक्षीदार." रविवारी तो स्वतः आला. चित्रं ट्रेस करायचा पातळ एलईडी पॅड असतो ना, माझ्या आर्टवाल्या मैत्रिणीचा, त्यावर निगेटिव्ह ठेवली आणि मामाने भिंग लावलं.

पहिली गोष्ट दिसली ती म्हणजे निगेटिव्ह नारिंगी नव्हती. घरातल्या जुन्या लग्नाच्या निगेटिव्ह कधी उजेडात धरल्या असतील तर तो गडद नारिंगी रंग आठवेल. तो उगाच नसतो. फिल्ममधली सायन आणि मजेंटा रंगद्रव्यं शंभर टक्के शुद्ध नसतात. जो रंग अडवायचा नाही तोही थोडा अडवतात. ती चूक भरून काढायला फिल्ममध्येच नारिंगी मास्क घातलेला असतो. लॅबमधली स्कॅनर यंत्रं तो मास्क असणार असं धरूनच बनवलेली. फिनिक्सला हा मास्क नाही. तिचा तळ फिकट जांभळट. लॅबमध्ये ती नेहमीच्या सेटिंगवर गेली असणार. यंत्राने नसलेला नारिंगी रंग वजा केला, आधीच जास्त असलेला कॉन्ट्रास्ट आणखी ताणला आणि आंबा बर्फी तयार झाली. लॅबवाल्यांना दोष तरी कसा देऊ? ही फिल्म वेगळी आहे, असं मीच पाकिटावर लिहिलं नव्हतं.

दुसरी गोष्ट, भिंगातून बघितल्यावर सहा-सात फ्रेममध्ये बरंच काही शाबूत होतं. साड्यांच्या काठाची नक्षी होती. आजीच्या कपाळावरच्या आठ्या होत्या. मित्राच्या डिजिटल कॅमेऱ्याला मॅक्रो लेन्स लावून, एलईडी पॅडवर निगेटिव्ह ठेवून मी तिचे फोटो काढले आणि संगणकावर लाल, हिरवा, निळा असा एकेक रंग हाताने जुळवत उलटे केले. पहिल्या फ्रेमला दोन तास लागले. मग वीस मिनिटं. रंग तरी भडकच होते, पण आजी माणसासारखी दिसायला लागली.

आता प्रश्न दुसऱ्या रोलचा. हाताशी तीन आठवडे होते, त्यात सामान बांधणं, भाड्याच्या घराची सोय, माझी इंटर्नशिप. निवांत असा एकच दिवस मिळणार होता. मामा एक कोडॅक गोल्डचा रोल घेऊन आला आणि टेबलावर ठेवला. "लग्नात नवी फिल्म कधी वापरायची नसते," तो म्हणाला. "आधी घरच्या मांजरावर वापरायची. लग्न काय दुसऱ्यांदा लागणार आहे का?" मुद्दा बिनतोड होता. बरं, याशिकाला हॅसलब्लाडसारखी मागची पेटी बदलायची सोय नाही. एकदा रोल घातला की बारा फोटो त्यावरच. थोडं गोल्ड, थोडं फिनिक्स असं करता येणार नव्हतं. दोन्ही रोल मारू म्हटलं तर निवांतपणे बघून चोवीस फोटो काढायला आजी उभी राहणार नव्हती. तिने आधीच बजावलं होतं, "माझे कसले फोटो काढतेस? मोरीचा काढ. इतकी वर्षं तिथेच तर गेली."

मी फिनिक्स घेतली. हट्ट म्हणा हवं तर. पण नुसता हट्ट नव्हता. पहिल्या रोलने मला या फिल्मबद्दल जे शिकवलं होतं ते ताजं होतं, आणि गोल्डबद्दल मला काहीच माहीत नव्हतं. 'मांजर' म्हणाल तर ते माझं फिनिक्सवर झालं होतं.

यावेळी तयारी वेगळी केली. गेल्या वर्षी पाऊस मे महिन्यातच मुंबईत येऊन धडकला होता, त्यामुळे जूनमध्ये आकाश रोजच भरलेलं असायचं. रोल आदल्या रात्रीच फ्रिजबाहेर काढून ठेवला. गार फिल्म मुंबईच्या दमट हवेत एकदम उघडली तर तिच्यावर पाणी धरतं. मामाने कॅमेऱ्याच्या मागची पट्टी 120 वरच आहे ना ते तपासलं, कारण या मॉडेलमध्ये ती सरकवून जुन्या 220 च्या लांब रोलवरही नेता येते आणि तिथे राहिली तर घोळ होतो. कागदावरचा बाण आतल्या खुणेशी जुळवला, हँडल फिरवलं, आकडा एकवर येऊन खट्‌कन थांबला.

सकाळी सातला सुरुवात केली. ढगाळ आकाश म्हणजे चाळीवर ताणलेलं पांढरं कापड. चौकातला आणि गॅलरीतला उजेड जवळजवळ सारखा. पाकिटावर 200 लिहिलेलं असलं तरी मी मीटरला 160 सांगितलं. फिनिक्स वापरणारे बरेच जण 160 किंवा 125 धरतात. मोजायचं ते सावलीवर नाही आणि आकाशावर तर मुळीच नाही. चेहऱ्यावर किंवा भिंतीवर, फोटोत जे मुख्य आहे त्यावर मोजायचं आणि तेवढंच द्यायचं, दानधर्म करायचा नाही. गॅलरीत 5.6 वर साठांश सेकंद. जिन्यात काळोख होता, तिथे ट्रायपॉड लावून एक अष्टमांश सेकंद. जिन्याच्या वळणावर दिवसासुद्धा जळणारा पिवळा बल्ब आहे, तो मी मुद्दाम फ्रेममध्ये ठेवला.

कारण रील्समध्ये बघितलेलं ते लाल वलय मला हवंच होतं. आता ते का येतं तेही कळलं होतं. फिल्मच्या थरांत निळा वर, हिरवा मधे आणि लाल तळाशी असतो. बल्बसारखा तीव्र उजेड तिन्ही थर ओलांडून खालच्या प्लास्टिकपर्यंत जातो आणि तिथून उलटा फिरतो. नेहमीच्या फिल्ममध्ये हा उलटा फिरणारा उजेड गिळायची चोख व्यवस्था असते. फिनिक्समध्ये ती अपुरी. परत येणाऱ्या उजेडाला सगळ्यात आधी लालचा थर भेटतो, म्हणून वलय लाल-नारिंगी. म्हणजे रील्सवाले ज्याला 'ड्रीमी' म्हणतात ती कारखान्याच्या दृष्टीने एक राहून गेलेली गोष्ट आहे. मला त्यात वाईट काही वाटत नाही. फक्त प्रत्येक फोटोत ड्रीमी असून कसं चालेल? पहिल्या रोलमध्ये उन्हाने उजळलेल्या प्रत्येक कडेला ती लाल किनार आली होती. वाळत घातलेल्या पांढऱ्या धोतरालासुद्धा.

आणि इथेच मीडियम फॉरमॅटचा खरा फायदा कळतो, जो मला आधी माहीत नव्हता. वलयाची रुंदी फिल्मच्या जाडीवर आणि थरांवर ठरते, फ्रेमच्या आकारावर नाही. ग्रेनचंही तेच. फिल्म 35 मिमी असो की 120, ग्रेन तेवढाच. पण आठ इंची चौकोनी प्रिंट काढायची तर 35 मिमीची निगेटिव्ह साडेआठ पट मोठी करावी लागते आणि याशिकाची साडेतीन पटींच्या आसपास. त्यामुळे तेच वलय, तोच ग्रेन प्रिंटवर निम्म्याहून कमी दिसतो. क्लबातल्या एका सीनियरने फिनिक्स 35 मिमीमध्ये मारली होती. त्याचे फोटो आणि माझे शेजारी ठेवले तर एकच फिल्म आहे यावर विश्वास बसत नाही. त्याची आरडाओरडा करते, माझी जरा मोठ्या आवाजात बोलते. म्हणून माझं मत विचाराल तर असली प्रयोगाची फिल्म मोठ्या निगेटिव्हवरच बरी. खर्च जास्त आहे, हे खरं. पण छत्तीस फोटोंतले तीस वाया घालवण्यापेक्षा बारा विचार करून मारलेले परवडतात.

त्या सकाळी बारा फ्रेम संपायला जवळपास तीन तास लागले. गॅलरी, सकाळचं पाणी भरून ठेवलेलं पिंप, पोटमाळ्याची शिडी, शेजारच्या काकूंची तुळस, दारावरची उडालेल्या रंगाची पाटी. आजीचा फोटो कठड्यापाशी. पाचवीला ती पदर सारखा करत होती, सहावीला तिने चौकात कुणाला तरी हाक मारली. त्या हाकेतच मी दाबलं. मोरीचा फोटो शेवटचा. वरून काचेत बघितलं, ओल्या फरशीवर खिडकीतून उजेड येत होता, तांब्याचा बंब चमकत होता. एकदम परफेक्ट. बारावी फ्रेम. खट्‌.

यावेळी पाकिटावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: मास्क नसलेली फिल्म, फक्त डेव्हलप करा, स्कॅन नको. प्रक्रिया नेहमीचीच, सी-41. रसायन 38 अंशांच्या आसपास आणि डेव्हलपर सव्वातीन मिनिटं. त्यात काही वेगळं लागत नाही. पाच दिवसांनी निगेटिव्ह हातात आल्या आणि मी लॅबबाहेरच फुटपाथवर त्या आकाशाकडे धरून बघितल्या. काळ्या-जांभळ्या चौकटी, पण प्रत्येकीत करडे टप्पे दिसत होते.

घरी उलट्या केल्यावर आठ फोटो चांगले निघाले. भिंतींचा निळा थोडा हिरवट झाला, आजीची फिकट गुलाबी साडी चांगलीच गुलाबी झाली. ते मी तसंच ठेवलं. गोल्डवर रंग जास्त खरे आले असते, हे मान्य. पण जिन्यातला तो बल्ब! भोवती निखाऱ्यासारखं छोटंसं वलय, लाकडी कठड्यावर त्याची झाक आणि पायऱ्यांचा झिजलेला मधला भाग अगदी स्पष्ट. दोन फोटो हलले होते, एकात फोकस चुकला. तो दोष फिल्मचा नाही.

बारावीचा दोषही फिल्मचा नाही. बारावीत मोरी जवळजवळ नाहीच. फ्रेमच्या मधोमध वरून खाली एक जाड, धूसर, काळी पट्टी. मी आधी घाबरले, लाइट लीक वगैरे असेल. मामाने भिंग लावून बघितलं आणि खो खो हसायला लागला. कॅमेऱ्याचा चामडी पट्टा. तो खालच्या भिंगासमोर लोंबत होता आणि मी बघत होते वरच्यातून. वरच्याला सगळं स्वच्छ दिसत होतं. दोन भिंगांच्या कॅमेऱ्यावर लग्नाचे फोटो काढणाऱ्या प्रत्येकाने हे एकदा तरी केलंय, असं तो म्हणाला. त्याने स्वतः केलं होतं, आणि तेही नेमकं मंगळसूत्राच्या वेळी.

आम्ही 30 जूनला खोली सोडली. जुलै 2025 मध्ये हरमनची 'फिनिक्स 2' आली, 35 मिमी आणि 120 दोन्हींत एकदमच. कॉन्ट्रास्ट खाली आणलाय, ग्रेन बारीक, वलयं कमी, उजेडातली चूक थोडी जास्त पचवते. म्हणजे पहिल्या फिल्मच्या पैशांवर दुसरी, हा हिशेब जमला म्हणायचा. त्यात माझेही दोन रोलचे पैसे आहेत. एक महिना आधी आली असती तर, असं मनात आलंच. पण नव्या फिल्मवर तो बल्ब तसा दिसला असता का, माहीत नाही. फिनिक्स 2 चा एक रोल सध्या फ्रिजमध्ये दह्याच्या वाटीमागे आहे. यावेळी आधी मांजर.

आठ फोटोंच्या आठ इंची प्रिंट काढून भाड्याच्या घरी आजीसमोर ठेवल्या. चष्मा लावून तिने एकेक बघितली. स्वतःच्या फोटोवर काही बोलली नाही. हाक कुणाला मारली होती ते मात्र तिला आठवलं, तळमजल्यावरच्या इस्त्रीवाल्याला. जिन्याच्या फोटोपाशी थांबली. "बल्ब पेटल्यासारखा दिसतोय गं, वायर जळत नव्हती ना?" मी वलयाचं शास्त्र सांगायला लागले, तर तिने हात केला.

"ते असू दे. मोरी कुठाय?"

मी पाकिटातून नववी प्रिंट काढली. ती दाखवायची नाही असं ठरवलं होतं. आजीने ती डोळ्यांजवळ नेली, काळ्या पट्टीच्या डावीकडे बोट ठेवलं, मग उजवीकडे. "हा बंब," ती म्हणाली. "आणि ही बादली. आहे की."